हळदीचं दूध आणि गाठीचा रक्तपुरवठा: खुलासा

‘रोज हळदीचं दूध घ्या, कर्करोगाच्या गाठीच्या रक्तवाहिन्या सुकतात’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागे अर्धं सत्य आहे. वाढत्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकन सर्जन जुडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. तोच मार्ग अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध 2004 पासून वापरात आहे. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्यही रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं.

पण बशीत कर्क्युमिन थेट पेशींवर ओततात. पोटातून गेलेलं कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, आणि जे शोषलं जातं त्याचं आतडं व यकृत लगेच रूपांतर करतात. चमचाभर, म्हणजे 3 ग्रॅम हळदीत ते असतं साधारण 90 मिलिग्रॅम. चाचण्यांत लोकांना दिवसाला 8 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, म्हणजे पाव किलोहून जास्त हळदीतलं, तरी रक्तात अत्यल्पच सापडलं.

‘मग दुधात मिरी घाला’ असंही सांगतात. मिरीतलं पायपरीन हे द्रव्य कर्क्युमिनचं शोषण वाढवतं, खरंय. मात्र ते इतर औषधांची रक्तातली पातळीही बदलू शकतं, आणि पायपरीनयुक्त कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतल्या हळदीला हरकत नाही. केमोथेरपी किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.