मागच्या नोकरीतून काढले असल्यास मुलाखतीत काय सांगावे: नोंदणी केलेल्या उमेदवारांसाठी माहितीपत्रक

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील कारखाने, रुग्णालये, पेढ्या व दुकाने येथे आमच्यामार्फत मुलाखतीस जाणारे उमेदवार आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारतात: मागच्या ठिकाणाहून काढून टाकले असेल, तर ते सांगावे की झाकावे? आमचे म्हणणे असे आहे की विचारल्यावर खरे सांगावे, थोडक्यात सांगावे, आणि जुने मालक फोनवर जे सांगतील त्याच्याशी जुळेल असेच सांगावे. यातील शेवटची गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. कुपवाड एमआयडीसीतील मालकांच्या एकमेकांशी ओळखी असतात, सुटे भाग एकाच्या शेडमधून दुसऱ्याच्या शेडमध्ये जात असतात, आणि कित्येकदा उमेदवार बाहेर बाकावर बसलेला असतानाच आत फोन होऊन गेलेला असतो.

मुलाखतीस जाण्यापूर्वी आपल्या बाबतीत नेमके काय घडले, हे कागदावरून पाहून घ्यावे. ‘मला काढले’ असे सांगणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात काढलेले नसते. ठेकेदाराकडील कामगाराला काही महिन्यांनी ‘ब्रेक’ दिला जातो, आणि त्यामागे बहुधा वर्षातील 240 दिवस भरू न देण्याचा हिशेब असतो, कारण तेवढे दिवस भरल्यावर कायद्याने सलग सेवा धरली जाते. असा ब्रेक मिळाला असेल, तर ‘ठेक्याची मुदत संपली’ एवढेच उत्तर पुरेसे व खरे आहे. मागणी घटल्यामुळे कामगार कमी करणे, प्रोबेशनच्या काळात सेवा थांबवणे, राजीनामा लिहून घेणे आणि गैरवर्तनाबद्दल बडतर्फ करणे हे चार वेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कामगाराचा काही दोष नसतो, पण सांगणाराच मान खाली घालून सांगतो आणि समोरच्याच्या मनात नसलेली शंका उभी करतो. राजीनामा लिहून घेतला असेल, तर कागदोपत्री आपण राजीनामा दिलेला आहे, हे खरे. परंतु ‘स्वतःहून सोडली का?’ असे थेट विचारल्यास ‘होय’ म्हणू नये. ‘राजीनामा द्यावा असे मला सांगण्यात आले आणि मी तो दिला,’ असे म्हणावे.

त्या नोकरीचा उल्लेखच बायोडाटातून वगळावा, अशी युक्ती काही जण सुचवतात. ती सहसा टिकत नाही. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक 2014 पासून नोकरी बदलली तरी तोच राहतो, आणि कोणत्या आस्थापनेत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होतात, याची नोंद त्या खात्यावर दिसते. नोकरी सोडण्याची तारीख आणि कारणही सहसा जुनी आस्थापना तेथे भरते. नवीन कंपनीने ही नोंद मागितली आणि बायोडाटातील तारखा तिच्याशी जुळल्या नाहीत, तर जुन्या बडतर्फीपेक्षा ही लपवालपवी अधिक महागात पडते. रुजू झाल्यानंतर हे उघडकीस आले, तर तेवढ्यावरून नवी नोकरीही जाऊ शकते. लहान पेढीत निधी कापला जात नसेल, तर तेथे अशी नोंद नसते. पण फोनचा मार्ग उरतोच.

आता प्रत्यक्ष उत्तराविषयी. समजा, एखादा उमेदवार मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहीत होता आणि पट्ट्यांमधील (शेतकऱ्याला मालाच्या विक्रीचा हिशेब म्हणून द्यायच्या कागदांमधील) चुकांमुळे त्याला काढण्यात आले. ‘वैयक्तिक कारणामुळे सोडली’ हे उत्तर पुढच्याच प्रश्नाला कोसळते. ‘तिथे राजकारण झाले’ हे वाक्य तर प्रत्येक मालकाने इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यातून त्याला काहीच कळत नाही आणि जे घडले त्याहून वाईट काही असावे, असे तो धरून चालतो. त्याऐवजी पुढीलप्रमाणे सांगता येईल:

‘मी तेथे तीन वर्षे हिशेब पाहिला. गेल्या हंगामात आवक वाढली तेव्हा पट्टी करताना माझ्याकडून वजनाच्या चुका झाल्या. एका शेतकऱ्याचे वजन दुसऱ्याच्या पट्टीवर गेले. दोनदा ताकीद मिळाली आणि तिसऱ्या वेळी मला कमी केले. आता काट्याची पावती शेजारी ठेवून आकडा ताडून पाहिल्याशिवाय मी पट्टी पुढे देत नाही. सध्या एका दुकानात तात्पुरते काम करत आहे. तेथील मालकांना आपण विचारू शकता.’

हे उत्तर बोलायला एक मिनिटही लागत नाही. त्यात चूक कोणती हे आहे, ती किती वेळा झाली हे आहे, आणि ‘आता तसे होणार नाही कशावरून?’ या हमखास येणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही आधीच दिलेले आहे. जुन्या मालकाविषयी त्यात एकही वावगा शब्द नाही. तो मालक खरोखरच तापट असला, तरी नव्या मालकासमोर ते सांगून काही हाती लागत नाही. उत्तर संपल्यावर थांबावे. समोरची व्यक्ती कागदावर काही लिहीत बसते, खोलीत शांतता होते, आणि नेमक्या त्या वेळी अस्वस्थ होऊन उमेदवार आणखी चार वाक्ये बोलतो. आमच्या अनुभवाप्रमाणे, बिघडते ते त्या चार वाक्यांनी.

घरातील आजारपणामुळे न कळवता गैरहजर राहिल्याने नोकरी गेली असेल, तर आजाराचे वर्णन एका वाक्यात आटोपून घरी आता काय व्यवस्था केली आहे, हे सांगावे.

चोरीचा, पैशांच्या अफरातफरीचा किंवा मारामारीचा आरोप असल्यास प्रकरण नाजूक असते. आरोप कोणता होता, खात्यांतर्गत चौकशी झाली की नाही, तिचा निष्कर्ष काय निघाला आणि सध्या काही दावा चालू आहे का, एवढेच क्रमाने सांगावे. दावा कामगार न्यायालयात असेल, तर काय बोलावे याबाबत प्रथम आपल्या वकिलांचा सल्ला घ्यावा. मुलाखतीच्या टेबलावर फाइल उघडून बाजू मांडत बसू नये. आरोप सिद्ध झालेला असल्यास रोख रकमेच्या किंवा स्टोअरच्या जागेसाठी आम्ही त्या उमेदवाराचे नाव पाठवत नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. इतर कामांसाठी अवश्य पाठवतो.

नोकरी सोडल्याचे पत्र किंवा अनुभवाचा दाखला मिळाला नसेल, तर नेमणूकपत्र, पगार जमा झालेल्या महिन्यांचे बँक पासबुक, निधीचे पासबुक किंवा फॉर्म 16 (पगारातून कर कापल्याचा दाखला) यांपैकी जे असेल ते सोबत ठेवावे. त्यावरून निदान किती काळ काम केले, हे सिद्ध होते.

उमेदवाराच्या सांगण्यावरून आम्ही बायोडाटातील तारखा बदलत नाही, आणि मालकाने विचारल्यास जे ठाऊक आहे तेच सांगतो. म्हणून काढण्यामागचे कारण नोंदणीच्या वेळीच आम्हांला सांगावे. मुलाखतीची तारीख कळल्यावर किमान दोन दिवस आधी कार्यालयात यावे, म्हणजे एकदा सराव घेता येतो. जुन्या ठिकाणचे पत्र सोबत आणावे. ते इंग्रजीत असेल, तर येथे वाचून समजावून दिले जाते.