‘सिडनी कोव्ह’: कलकत्त्याचे जहाज आणि बासची सामुद्रधुनी

ऑस्ट्रेलियाचा मुख्य भूभाग आणि टास्मानिया यांच्यामध्ये समुद्र आहे, हे १७९७ सालापर्यंत युरोपीय नकाशांवर नव्हते. ते उजेडात येण्याला जे जहाज निमित्त झाले, ते कलकत्त्याहून निघाले होते. तिथल्या कँबेल अँड क्लार्क या व्यापारी पेढीने ‘बेगम शॉ’ नावाचे, सुमारे २५० टनांचे तीन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज घेऊन त्याचे नाव ‘सिडनी कोव्ह’, म्हणजे सिडनीची वसाहत ज्या खाडीवर वसली तिचे नाव, ठेवले. या नामांतरात व्यापाऱ्याचा हिशेब होता. सिडनीची कैद्यांची वसाहत १७८८ मध्ये वसली होती, इंग्लंडहून माल यायला कित्येक महिने लागत आणि तिथल्या देवघेवीत रम जवळजवळ नाण्यासारखी चाले.

१० नोव्हेंबर १७९६ रोजी जहाज निघाले, तेव्हा त्यात तांदूळ, साखर, चहा, तंबाखू, कापड, चिनी मातीची भांडी आणि सुमारे ७,००० गॅलन मद्य होते. कप्तान गाय हॅमिल्टन आणि मोजके अधिकारी ब्रिटिश होते. बाकीचे बहुतेक खलाशी हिंदी, म्हणजे तेव्हाच्या बोलीत ‘लास्कर’. डिसेंबरच्या वादळात तळाला गळती लागली. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील गारठ्यात, उष्ण समुद्रापुरतेच कपडे अंगावर असलेले हे खलाशी रात्रंदिवस पाणी उपसत राहिले आणि त्यातच काही जण दगावले. टास्मानियाला दक्षिणेकडून वळसा घालून जहाज वर आले खरे, पण पाणी आटोक्यात येईना. अखेर फेब्रुवारी १७९७ मध्ये हॅमिल्टनने ते टास्मानियाच्या ईशान्येला, आज प्रिझर्व्हेशन आयलंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटालगत उथळ पाण्यात रुतवले. माणसे आणि बराचसा माल वाचला. रम मात्र खलाशांच्या हाती लागू नये म्हणून शेजारच्या लहान बेटावर हलवण्यात आली. त्या बेटाला अजूनही रम आयलंड म्हणतात.

मदत आणण्यासाठी १७ जण मोठ्या होडीतून सिडनीकडे निघाले; त्यांत १२ लास्कर होते. ही होडीही आजच्या व्हिक्टोरिया राज्याच्या किनाऱ्यावर फुटली. तिथून सुमारे ७०० किलोमीटर त्यांनी पायी तुडवले. वाटेत काही ठिकाणी मूळनिवासी लोकांनी त्यांना खायला दिले आणि नद्या पार करून दिल्या. पुढे चकमकीही झाल्या. मे महिन्यात सिडनीच्या दक्षिणेला एका मासेमारी होडीला किनाऱ्यावर तिघेच दिसले : पेढीचा प्रतिनिधी विल्यम क्लार्क, एक ब्रिटिश खलाशी आणि एक लास्कर. वाटेत क्लार्कला दगडी कोळसा आढळला होता. नौदलातला शल्यविशारद जॉर्ज बासने त्याच वर्षी तिथे जाऊन त्याची खात्री करून घेतली.

बेटावरच्यांना आणण्यासाठी ‘फ्रान्सिस’ आणि ‘एलायझा’ ही दोन जहाजे गेली. परतताना ‘एलायझा’ नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर सुटका झालेले काही लास्करही गेले. पश्चिमेकडून येणाऱ्या जोरदार लाटा आणि प्रवाह या बेटाजवळ अनुभवास आल्याने, इथे सामुद्रधुनी असावी या वसाहतीचा गव्हर्नर हंटर याच्या तर्काला बळ मिळाले. १७९८-९९ मध्ये बास आणि नौदल अधिकारी मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी टास्मानियाला पूर्ण फेरी घालून तो खरा ठरवला आणि सामुद्रधुनीला बासचे नाव मिळाले. पाणी उपसणाऱ्यांची मात्र बहुतांशी फक्त संख्याच नोंदली गेली.

जहाजाचे अवशेष १९७७ मध्ये पाणबुड्यांना सापडले. त्यांतल्या वस्तू टास्मानियातल्या लॉन्सेस्टनच्या क्वीन व्हिक्टोरिया संग्रहालयात आहेत. त्यांत अजून बूच न निघालेल्या बाटल्याही होत्या, आणि तिथे मिळालेल्या यीस्टपासून अलीकडे बिअर बनवण्यात आली.