रिपोर्टातलं ‘ट्रान्सलोकेशन’: जन्मापासूनचं की गाठीतलं?

बायोप्सीच्या रिपोर्टावर ‘टी (८;१४)’ असं छापलेलं असतं. डिचोलीहून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात फाईल घेऊन येणाऱ्या घरात मग पहिली चर्चा होते ती कुळाची. ‘आमच्यात कुणाला असलं काही नव्हतं, हिच्या माहेरचं असणार.’ मुलाला बर्किट लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा एक कर्करोग, असेल तर हा बदल ना सासरचा, ना माहेरचा.

घोळ शब्दाचा आहे. ट्रान्सलोकेशन म्हणजे एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जाऊन चिकटणं. रिपोर्टातला ‘टी’ म्हणजे हेच, कंसातले आकडे गुणसूत्रांचे क्रमांक. डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या तीन-चार मुलांच्या रिपोर्टातही हाच शब्द येतो. त्यांच्यात २१ क्रमांकाचं जादा गुणसूत्र दुसऱ्या एखाद्याला, बरेचदा १४ ला, जोडलेलं असतं. हा बदल जन्माआधीचा, म्हणून साध्या रक्ताच्या नमुन्यातही दिसतो आणि आयुष्यभर राहतो. कधी धडधाकट आई किंवा बाबा त्याचे वाहक असतात. कुळाची चौकशी करायचीच तर ती इथे, तीही दोष द्यायला नव्हे, पुढच्या बाळाचा विचार करायला.

बर्किटची गोष्ट वेगळी. मूल जन्मतं तेव्हा हा बदल नसतोच. पुढे कधीतरी एका बी पेशीत (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीत) ८ आणि १४ यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. ८ वर पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारा मिक जनुक असतो, १४ वर अँटिबॉडी घडवणारा. बी पेशीत अँटिबॉडीचा जनुक सतत चालू. मिक त्याच्या शेजारी येऊन पडला की विहिरीच्या पंपाचं बटण काढून वायर थेट मेनला जोडल्यासारखं होतं. पंप थांबतच नाही. हा बदल फक्त त्या पेशीत आणि तिच्या पिल्लावळीत असतो. म्हणून गुणसूत्रांतली अशी अदलाबदल चमकत्या रंगांनी शोधणारी फिश तपासणी गाठीच्या तुकड्यावर करतात. धाकट्या भावाचं रक्त यासाठी तपासायची गरज नसते. उपचारांनी त्या पेशी मेल्या की बदलही त्यांच्यासोबत जातो.

सुमारे ८० टक्के बर्किटमध्ये ८-१४ची जोडी सापडते, उरलेल्यांत बहुधा ८ सोबत २ किंवा २२. अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा या दुसऱ्या प्रकारात २ आणि ५ची जोडी नेहमीची. तिथे बिघडलेल्या एएलके जनुकाला अडवणारं क्रिझोटिनिब हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मुलांसाठी मंजूर झालं, आजार उलटल्यास किंवा आधीच्या औषधांना दाद न दिल्यास.

अटॅक्सिया टेलँजिएक्टेशियासारखे काही जन्मजात आजार लिम्फोमाचा धोका वाढवतात, हे खरं. पण ते विरळ. तेव्हा क्रमांकांवर नजर जाण्याआधी रिपोर्टात ‘नमुना’ कशाचा लिहिलाय ते पाहा: गाठीचा, की रक्ताचा?