ब्रँड

ब्रँड : एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखता यावा म्हणून त्याला दिलेले नाव वा चिन्ह, तसेच त्या नावाला गिऱ्हाइकांत मिळालेली पत, अशा दोन्ही अर्थांनी वापरला जाणारा विपणनातील शब्द. मूळ इंग्रजी शब्दाचा संबंध डागण्याशी असून, गुरांवर तापल्या लोखंडाने मालकाची खूण उमटवण्याच्या रीतीवरून तो व्यापारात आला.

मराठीत या खुणेला ‘छाप’ किंवा ‘मार्का’ म्हणत. मुंबईत १९३१ मध्ये सुरू झालेली दांडेकर आणि कंपनी, म्हणजे पुढची कॅम्लिन, शाईची पूड आणि वड्या ‘हॉर्स ब्रँड’ नावाने विकत असे. फाउंटनपेनसाठीची ‘कॅमल’ शाई त्यामागून आली. पुढे दोन्ही शब्दांची नशिबे पालटली. ‘अंगठाछाप’, ‘टपोरीछाप’ अशा शब्दांत छाप हिणवण्यापुरती उरली, तर ब्रँडला प्रतिष्ठा चढली. आज ‘ब्रँडेड कपडे’ म्हणजे महागडे कपडे, असेच बहुतेकांना अभिप्रेत असते; वस्तुतः नाव छापलेली मिठाची स्वस्त पिशवीही ब्रँडेडच असते.

नाव फार रुजले, तर ते मालाचेच नाव होऊन बसते. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या ‘डालडा’चे असेच झाले. कोणत्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला घरोघर डालडाच म्हणत, आणि रिकाम्या डब्यात तुळस लावली तरी तो डालड्याचाच डबा राही. उत्पादकाच्या दृष्टीने ही कीर्ती दुधारी असते, कारण सर्वांच्या मालाला लागू पडणारे नाव त्याची वेगळी ओळख पटवू शकत नाही.

कायद्याचा मुख्य शब्द मात्र व्यापारचिन्ह हा आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मध्ये ‘चिन्ह’ या संज्ञेत नाव, लेबल, सही, अंक, मालाचा आकार यांच्याबरोबर ब्रँडचाही समावेश आहे. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. ब्रँड असण्या-नसण्यावर कधी करही ठरला आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला, तेव्हा नोंदणीकृत ब्रँडखाली पिशवीबंद विकल्या जाणाऱ्या तांदूळ, पीठ, डाळींवर ५ टक्के कर होता आणि सुट्या धान्याला तो माफ होता. १८ जुलै २०२२ पासून ब्रँडची ही कसोटी काढून ‘आधीच वेष्टित आणि लेबल लावलेला माल’ अशी कसोटी आणण्यात आली.