ऑक्टोबरफेस्टसाठी ऑक्टोबरच्या मध्याचं तिकीट काढू नका

"म्युनिकला 15 ऑक्टोबरच्या आसपास जा, बिअरची जत्रा जोरात असते" असा सल्ला दरवर्षी कुणीतरी देतंच, आणि नावच ऑक्टोबरफेस्ट म्हटल्यावर कुणालाही खरं वाटणार. पण अहो, जत्रा सुरू होते सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी, दुपारी 12 ला महापौर पहिल्या पिंपाला तोटी ठोकतात तेव्हा, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतेसुद्धा! 15 तारखेला गेलात तर तंबू उतरवणारे कामगार भेटतील.

नाव आलं लग्नावरून. 12 ऑक्टोबर 1810 ला बव्हेरिया या तिथल्या राज्याचे युवराज लुडविग आणि थेरेसा यांचं लग्न झालं, 17 ला गावाबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत लावली, तिथून हे दरवर्षी चालू झालं, म्हणजे मुळात घोडे होते, बिअर मागून आली. माळाला नवरीचं नाव पडलं, थेरेसियनवीझ. पुढे थंडी नको म्हणून जत्रा सप्टेंबरात ओढली, नाव तेवढं जुनंच राहिलं.

आणि हो, आत जायला तिकीट नसतं, पैसे जातात ते एक लिटरच्या मगाला.

तारीख चुकलीच तर म्युनिकचं हॉफब्रॉयहाउस हे जुनं बिअरगृह आहेच, आणि आल्टे पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयात जर्मन चित्रकार ड्यूररनं 1500 साली काढलेलं स्वतःचं चित्र बघा, फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतं.