परदेशातल्या हॉस्पिटलमधून निघण्याआधी सीडी मागून घ्या
(आमच्याकडून परदेश प्रवासाचा विमा काढणाऱ्यांसाठी)

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले आई-बाबा तिथे आजारी पडतात, बरे होतात, परत येतात. मग आमचा फोन वाजतो. "तिथे सीटी स्कॅन झाला होता. इथले डॉक्टर तो बघायला मागतायत. तुम्ही मागवून द्याल ना?"

देऊ. पण जे काम तुम्ही तिथे असताना एका चकरेत झाले असते, त्याला आता महिना-दीड महिना लागणार असतो. हाच फोन इतक्यांदा येतो, की शेवटी हे पत्रक छापले. तिकिटाबरोबर देत आहोत. विमानात बसल्यावर वाचलेत तरी चालेल, पण वाचा.

घोटाळा सवयीतून होतो. आपल्याकडे एक्स-रे काढला की फिल्म पेशंटच्या हातात. कपाटावरच्या पिशवीत वीस वर्षांपूर्वीची सोनोग्राफीसुद्धा सापडते. पुढच्या डॉक्टरकडे जाताना ती पिशवी काखोटीला मारली की झाले. अमेरिकेत तसे नाही. स्कॅन हॉस्पिटलच्या संगणकात राहतो आणि कुणी मागितल्याशिवाय तो कुणी देत नाही. त्यात लपवाछपवी नसते, तिथली पद्धतच तशी आहे. तिथल्या तिथे दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे असेल तर स्कॅन परस्पर पाठवतात. तुम्हाला तो पुण्यात लागणार आहे, हे त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कसे कळावे?

निघताना एक आठ-दहा पानांचा गठ्ठा मिळतो. त्यावर बहुतेक ठिकाणी 'आफ्टर व्हिजिट समरी' असे लिहिलेले असते. आमचे निम्मे ग्राहक ही पूर्ण फाइल समजतात. त्यात गोळ्या कधी घ्यायच्या, काय खायचे, पुन्हा कधी दाखवायचे, एवढेच असते. डॉक्टरांनी काय तपासले आणि काय निदान केले, ते वेगळ्या कागदात असते. ॲडमिट असाल तर डिस्चार्ज समरी, नुसतेच इमर्जन्सीत जाऊन आलात तर तिथल्या डॉक्टरांची नोट. डिस्चार्ज समरी कधी कधी तुम्ही घरी गेल्यावर एक-दोन दिवसांनी तयार होते. म्हणून तिच्यासाठी पुन्हा विचारावे लागते.

आता मुख्य गोष्ट. स्कॅनचा रिपोर्ट वेगळा आणि स्कॅन वेगळा. रिपोर्ट म्हणजे रेडिओलॉजिस्टने लिहिलेला मजकूर. स्कॅन म्हणजे चित्रे, आणि पोटाच्या एका सीटीत ती शेकड्यांनी असतात. डॉक्टर ती वर-खाली सरकवून, उजेड कमी-जास्त करून बघतात. त्यासाठी ती 'डायकॉम' या स्वरूपात लागतात, आणि तशी ती सीडीवर मिळतात.

गेल्या वर्षी आमच्या एका काकांचे न्यू जर्सीत पोट दुखले. सीटी झाला, दुखणे किरकोळ निघाले, पण मूत्रपिंडावर एक ठिपका दिसला. "भारतात गेल्यावर दाखवा," असे सांगितले. मुलाने काय करावे? संगणकाच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. इथल्या डॉक्टरांना तो ठिपका तेव्हा केवढा होता आणि आता केवढा आहे, हे ताडून बघायचे होते. एका फोटोवरून ते कसे कळणार? सीडी येईपर्यंत सहा आठवडे गेले, आणि तेवढे दिवस घरातले कुणी नीट झोपले नाही.

सहा आठवडे का लागले, तेही सांगतो. पहिला अर्ज परत आला, कारण मुलाने सही केली होती. सज्ञान पेशंटचे कागद मुलालाही पेशंटच्या लेखी परवानगीशिवाय देत नाहीत. दुसरा अर्ज जन्मतारखेवर अडला. काकांनी ०४/०९ लिहिले ते ४ सप्टेंबर म्हणून, तिथे ते ९ एप्रिल होते. त्यातून हॉस्पिटलने वडिलांचे नाव आडनावाच्या जागी टाकलेले. आपली तीन भागांची नावे तिथल्या फॉर्ममध्ये हमखास उलटीपालटी होतात. मनगटाला पट्टी बांधतात, त्यावरचे नाव पासपोर्टशी जुळते का ते पहिल्याच दिवशी बघा. त्याच पट्टीवर मेडिकल रेकॉर्ड नंबर असतो, त्याला 'एमआरएन' म्हणतात. फोटो काढायचाच असेल तर त्याचा काढा. तो नंबर हाताशी असला की आमचे काम निम्म्याने कमी होते.

तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी रेडिओलॉजीच्या काउंटरवर जा आणि म्हणा, "इमेजेस ऑन सीडी, अँड द रेडिओलॉजी रिपोर्ट, प्लीज." पासपोर्ट दाखवा, सही करा. पुष्कळ ठिकाणी सीडी बसल्या जागी मिळते. सीडीला पासवर्ड असेल तर तो तिथेच लिहून घ्या. बाकीचे कागद रेकॉर्ड्स विभागाकडून मिळतात. हा विभाग शनिवार-रविवारी बहुधा बंद असतो. शुक्रवारी संध्याकाळी सुट्टी मिळाली तर सोमवारी पुन्हा जावे लागेल, कंटाळा करू नका. तिथेच परवानगीच्या फॉर्मवर मुलाचे किंवा मुलीचे नाव घाला आणि मुदत एक वर्षाची लिहा. मग मागाहून काही लागले तर ते तिथल्या तिथे काढू शकतात.

हे मागायला संकोच नको. 'हिपा' या १९९६ च्या कायद्याखालच्या नियमांनी पेशंटला स्वतःच्या कागदांची आणि स्कॅनची प्रत मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि त्यासाठी अमेरिकेचे नागरिक असावे लागत नाही. प्रत देण्यासाठी हॉस्पिटलला मुदत मात्र ३० दिवसांची आहे, आणि कारण कळवून ती एकदा आणखी ३० दिवस वाढवता येते. शिवाय पेशंटने स्वतःसाठी मागितले तर प्रतीच्या खर्चापुरतीच फी घेता येते. आमच्यासारख्या तिसऱ्याला पाठवायचे म्हटले की ती मर्यादा राहत नाही. तेव्हा आम्हाला सांगण्यापेक्षा तुम्ही मागितलेले स्वस्त पडते. हे सांगून आम्ही आमचेच गिऱ्हाईक घालवतो, याची आम्हाला कल्पना आहे.

'मायचार्ट'सारखे ॲप हॉस्पिटल देते, ते जरूर सुरू करा. त्यावर रिपोर्ट लवकर दिसतो, पण पूर्ण स्कॅन उतरवून घेता येईलच असे नाही. आणि ते प्रवासापुरत्या घेतलेल्या अमेरिकन नंबरवर सुरू करू नका. परत आल्यावर सिम बंद, ओटीपी बंद आणि ॲपही बंद. ईमेल द्या.

क्लेमसाठी नुसता एकूण रकमेचा कागद आम्हाला चालत नाही. कलमवार बिल लागते, म्हणजे 'आयटमाइज्ड बिल', आणि ते बिलिंग विभागाकडे मागावे लागते. हॉस्पिटलचे बिल वेगळे, इमर्जन्सीच्या डॉक्टरांचे वेगळे, रेडिओलॉजिस्टचे वेगळे, ॲम्ब्युलन्सचे वेगळे, आणि ही सगळी टपालाने पुढे कित्येक आठवडे येत राहतात. पत्ता मुलाचा द्या, पुण्याचा नको.

ब्रिटनमध्ये अशी प्रत सहसा फुकट आणि महिन्याभरात द्यावी लागते. युरोपीय संघातही पहिली प्रत फुकट असते, पण कागद जर्मन किंवा फ्रेंच भाषेत असतात, त्यामुळे इंग्रजीत सारांश मिळेल का ते निघण्याआधी विचारा. सीडीला भाषेची अडचण नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवलेले स्कॅनचे फोटो आम्ही घेत नाही, याचा काहींना राग येतो. क्लेमचे कागद अर्धवट पाठवले की विमा कंपनी प्रश्न विचारते, आणि प्रत्येक प्रश्नामागे तुमचे पैसे आणखी लांबतात. म्हणून कागद पुरे झाल्याशिवाय आम्ही फाइल पुढे सरकवत नाही.

आमच्याकडून विमा घेतलेल्यांना रेकॉर्ड मागवून देण्याचे शुल्क नाही, हॉस्पिटलची फी आणि कुरिअर तेवढे तुमचे. ऑनलाइन विमा काढून आलेल्यांसाठी १,५०० रुपये, आगाऊ. ऑनलाइन काढला की दोन-चारशे रुपये वाचतात, हे आम्हाला मान्य आहे.

पॉलिसीबरोबर एक पिवळा लिफाफा मिळेल. वर सांगितलेली इंग्रजी वाक्ये त्यावर मोठ्या अक्षरात छापली आहेत. सीडी त्यातच ठेवा आणि लिफाफा हातातल्या बॅगेत, कारण चेक-इनच्या बॅगेतून आलेल्या दोन सीडी तडकलेल्या निघाल्या. घरच्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते, तेव्हा ऑफिसात या. आमच्याकडे ड्राइव्ह आहे. पेनड्राइव्ह तुमचा आणा, अख्खी सीडी त्यावर उतरवून मूळ सीडी तुमच्या हातात परत देतो. घरी कुणाकडून कॉपी करून घेतलीत तर सगळे फोल्डर घ्या. एका ताईंनी नुसता चित्रे उघडण्याचा प्रोग्रॅम कॉपी करून आणला होता, चित्रे सीडीवरच राहिली होती, आणि सीडी ह्यूस्टनला.