किमान भाषा-आवृत्ती

मुक्तस्रोत प्रकल्प चालवायला प्रोग्रॅमिंग भाषेची निदान कोणती आवृत्ती लागेल, ते ठरवून जाहीर करण्याची प्रथा.

तिचा उगम निश्चित सांगणे कठीण. पर्ल या भाषेत प्रोग्रॅमच्या आरंभीच ‘यूज’ लिहून आवृत्ती मागता येते. ही सोय साधारणपणे १९९० च्या दशकातली. त्याच सुमाराचे ऑटोकॉन्फ (१९९१) हे प्रोग्रॅम यंत्रानुरूप जुळवणारे साधन मात्र आवृत्ती विचारत नाही. हवी ती सोय यंत्रावर आहे का, हे एक छोटा प्रोग्रॅम संकलित (कंपाइल) करून पाहते. तत्त्वतः ही रीत अधिक चोख. पण भाषेचे व्याकरणच बदलले की ती अपुरी पडते. म्हणून आजच्या प्रथेचे नाते पर्लशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. पायथनमध्ये ‘रिक्वायर्स-पायथन’ ही नोंद पेप ३४५ (पायथनच्या सुधारणांच्या प्रस्तावांपैकी एक; मसुदा २००५) मध्ये सुचवली गेली. पॅकेजे बसवणारे पिप हे साधन ती पाळू लागले ते आवृत्ती ९ (२०१६) पासून. रस्ट या भाषेत ‘रस्ट-व्हर्जन’ ही नोंद १.५६ (२०२१) मध्ये आले. गो या भाषेत गो.मॉड या नोंद-फाइलीतील आवृत्तीची ओळ १.२१ (२०२३) पासून काटेकोर किमान अट म्हणून पाळली जाते.

सोलापुरी चादरीची जॅकार्ड नक्षी मांडणारा पायथन प्रकल्प घेऊ. लिहिणाऱ्याकडे उबुंटू २४.०४, म्हणजे पायथन ३.१२, अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या कारखान्याच्या कचेरीत विंडोज ७. तिथे ३.८ च्या पुढचे पायथन बसतच नाही. प्रोग्रॅममध्ये ‘मॅच’ रचना (३.१०) वापरली, तर ३.८ त्या ओळीवरच व्याकरणदोष दाखवून थांबते. त्याच फाइलच्या माथ्यावर आवृत्ती तपासून सूचना देण्याची तजवीज केली तरी उपयोग नाही, कारण आधी अख्खी फाइल वाचली जाते, चालवली जाते नंतर. किमान आवृत्ती पॅकेजच्या नोंदीतच हवी ती यासाठी. अर्थात ३.८ चा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. तिच्यासाठी किती काळ अडून राहायचे, हा प्रश्न उरतोच.

किमान आवृत्ती वाढवणे हा ‘मोठा’ (जुने काम मोडू शकणारा) बदल मानावा काय, यावर मतभेद आहेत. सेमव्हर या आवृत्ती-क्रमांकांच्या नियमावलीच्या प्रश्नोत्तरांत, सार्वजनिक इंटरफेस (इतर प्रोग्रॅम वापरतात तो भाग) न बदलता अवलंबने (प्रकल्प ज्यांवर विसंबतो ती पॅकेजे) अद्ययावत करणे सुसंगत मानले आहे. त्याच न्यायाने इथेही किरकोळ क्रमांक वाढवणे पुरेसे ठरते. रस्टचे पॅकेज-साधन कार्गो, त्याची मार्गदर्शिका मात्र या बदलाला ‘कदाचित बाधक’ म्हणते. नोंद बिनचूक असेल तर पहिले मत व्यवहाराला धरून आहे : जुन्या पायथनवरचे पिप आपणहून मागचे जुळणारे प्रकाशन उचलते. कार्गोमध्ये अशी निवड १.८४ (जानेवारी २०२५) पासून करता येते. वरची मर्यादा घालणे मात्र अंगलट येते. नव्या प्रकाशनाला ‘३.१२ च्या आत’ अशी अट असली आणि जुन्यांना नसली, तर ३.१२ वर पिप निमूटपणे अट नसलेले जुने प्रकाशन बसवते.

कालावधीचे ठोकताळेही आहेत : नमपाय या पायथनच्या गणिती संचाच्या नेप २९ या धोरणानुसार गेल्या ४२ महिन्यांत आलेल्या पायथन आवृत्त्यांना आधार द्यायचा असे; त्याची जागा घेणाऱ्या स्पेक ० या वैज्ञानिक पायथन प्रकल्पांच्या सामाईक धोरणानुसार तीन वर्षे. सी आणि सी++ मध्ये आवृत्तीऐवजी मानकाचे वर्ष सांगतात; लिनक्स कर्नल ५.१८ (२०२२) मध्ये सी८९ वरून सी११ वर आले.